नातवंडांचा दौरा-कार्यक्रम

माळव्यातील जुन्या मराठी घरांत उन्हाळ्याची सुट्टी कधी आखावी लागत नसे. ती आपल्या पावलांनी येत असे. तीस एप्रिलला शाळेचा निकाल लागला की पुढील पंधरवड्यात ग्वाल्हेरची मावशी, धारचे काका, उज्जैनची चुलत आजी अशी एकेक मंडळी ट्रंका आणि वळकट्या घेऊन दारात उतरत. इंदूरच्या आमच्या घरात मे महिन्यात सतरा-अठरा मुले सहज असत. दुपारी माजघरात पत्ते, सायंकाळी अंगणात लगोरी आणि रात्री गच्चीवर अंथरुणांची लांबच लांब रांग. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असे जे जुने लोक म्हणत, त्यातील माळव्याच्या रात्रीची प्रचीती आम्हांला त्या गच्चीवर येई. मुलांनी काय करावे, याची चिंता घरातील कोणीही केल्याचे स्मरत नाही. मुले जेवायला वेळेवर आली म्हणजे मोठ्यांचे कर्तव्य संपत असे.

आता सुट्टी येते ती प्रश्न घेऊन. चित्रकलेचे शिबिर, पोहण्याचे शिबिर, यंत्रमानव तयार करण्याचे शिबिर अशी मुलांच्या मे महिन्याची वाटणी फेब्रुवारीतच झालेली असते. त्यातून उरलेला आठवडा आजी-आजोबांच्या वाट्याला येतो. २०२४ साली तो आमच्या वाट्याला आला. बंगळूरहून आमच्या सूनबाईंचा निरोप आला की, ५ मे ते १२ मे मुले इंदूरला राहतील. तेथे त्यांच्यासाठी कोणकोणते उपक्रम आहेत, ते आधी कळवावे.

राज्य शासनाच्या सेवेत आयुष्याची पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला असा निरोप आला की त्याचा हात आपोआप कागदाकडे जातो. आम्ही रकाने आखून रीतसर दौरा-कार्यक्रम तयार केला. दिनांक, वार, स्थळ, प्रयोजन आणि शेवटी शेरा. प्रत्येक दिवशी एक उपक्रम आणि एक नातलग, असे सूत्र धरले. आमच्या सौभाग्यवतींनी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, मुले येत आहेत, आयुक्त नव्हेत!" तथापि वाळवणाचा दिवस कोणता धरावा, ही दुरुस्ती त्यांनीच सुचविली.

नात त्या वेळी अकरा वर्षांची होती आणि नातू आठ वर्षांचा. सूनबाई हैदराबादच्या, माहेरची भाषा तेलुगू. शाळा इंग्रजी, शेजार कन्नड, आणि आम्हां सर्वांशी बोलायला हिंदी. मराठी त्या घरात चौथी किंवा पाचवी, म्हणजे रांगेत शेवटी उभी. मुलांना ती थोडीफार कळत होती. बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता.

पहिल्याच रात्री जेवणे झाल्यावर आम्ही उभयतांनी घोषणा केली की, या आठवड्यात घरात मराठीच बोलायचे. नातवाने मान डोलावली, कारण त्याचे लक्ष आंब्याकडे होते. नातीने मात्र सरळ हिंदीतून विचारले, "आजोबा, मी मराठी कोणाशी बोलू? बाबा इंग्रजी बोलतात. तुम्हांला आणि आजीला हिंदी येते. येथे सगळ्यांनाच हिंदी येते. मग मराठीशिवाय कोणाचे अडले आहे?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तो हिशेबाचा प्रश्न होता आणि हिशेब बिनचूक होता. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. त्या राजधानीच्या दप्तरात लेखणी चालविण्यासाठी आमचे पूर्वज देशावरून आले. तेव्हा दरबारची भाषा, घराची भाषा आणि पोटाची भाषा पुष्कळ अंशी एकच होती. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, आणि पोटाची भाषा हिंदी झाली. आमच्या सेवेतील प्रत्येक टिपणी हिंदीतच लिहिली गेली. मराठी उंबऱ्याच्या आत राहिली, आणि राहिली ती केवळ आत माणसे पुष्कळ होती म्हणून. आता आत आम्ही दोघे. नातीला लगेच देता येईल असे उत्तर त्या रात्री आमच्यापाशी नव्हते. "आठवडा संपल्यावर सांगतो," असे म्हणून आम्ही प्रकरण पुढील तारखेवर टाकले. शासकीय सेवेत ही विद्या सर्वप्रथम शिकविली जाते.

सोमवारचा उपक्रम मोडी लिपीचा. आमच्या पणजोबांच्या जमाखर्चाच्या दोन वह्या घरात आहेत. आम्हांला मोडी अडखळत वाचता येते. प्रथम कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरे वळवीत न्यायची, हे पाहून मुलांना ती गुप्तहेरांची लिपी वाटली. मोडीत इकार आणि उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नाही, हे कळल्यावर तर नातीने टाळ्याच पिटल्या. जिच्यात शुद्धलेखनाच्या निम्म्या चुका आधीच माफ केलेल्या आहेत, अशी लिपी बंद का केली, असा तिचा सवाल होता. वैशाखातील एका पानावर आंब्यांचा खर्च निघाला. पणजोबांनी मुलांसाठी आंबे घेतले होते आणि पै-पैसा टिपून ठेवला होता. नातवाने ती ओळ पाहून आपले समाधान झाल्याचे सांगितले.

सायंकाळी ऊन उतरल्यावर आमचे चुलतबंधू मुलांना राजवाड्याकडे घेऊन गेले. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, असे ते सात मजले मुलांनी बोटांनी मोजले. तेथून खान नदीकाठच्या छत्र्या पाहिल्या. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या त्या छत्र्या. आमच्या बंधूंची मराठी अस्सल इंदुरी. "मी सांगून राहिलो आहे ना, इकडे उभे राहा!" पुण्याचा पाहुणा ऐकेल तर कान झाकील, पण मुलांना तीच सर्वांत अगोदर कळली, कारण तिच्यात हिंदीचा जिना बांधलेला आहे. आमच्या या मराठीची थट्टा आजवर पुष्कळ झाली. तो जिना नसता तर पुष्कळ मुले वरच्या मजल्यावर आलीच नसती, हेही कोणी तरी नोंदवून ठेवावयास हवे.

मंगळवारी गच्चीवर चिकवड्या. सौभाग्यवतींच्या धाकट्या भगिनी, म्हणजे मुलांच्या मावशीआजी, पहाटे सहालाच आल्या. साबुदाणा रात्री भिजविलेला, सकाळी मीठ-जिरे घालून शिजविलेला. त्याचे पळीपळीने गोल घालायचे. नातवाचे गोल भारताच्या नकाशासारखे होऊ लागले, तेव्हा मावशीआजी म्हणाल्या, "असू दे रे, तळल्यावर सगळे सारखेच लागतात." आठ वाजेपर्यंत ऊन चढले आणि काम संपले. नंतर राखण. कावळ्यांना हाकलण्याचे काम नातवाने स्वतःकडे घेतले आणि दुपारी अकरापर्यंत एका जागी बसून केले. एवढा वेळ तो कोणत्याही शिबिरात एका जागी बसलेला नाही, असे त्याच्या आईने फोनवर सांगितले.

बुधवारी पहाटे महेश्वर. इंदूरहून सुमारे नव्वद किलोमीटर. महूच्या पुढे घाट उतरला की माळवा संपतो आणि निमाड सुरू होतो. हवा एकदम बदलते. तेथे सौभाग्यवतींचे मामेबंधू राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य केले ते या गावातून, आणि राजधानी म्हणून वाड्याची जी बैठक मुलांना दाखविली ती एवढी साधी की नातीने दोनदा विचारले, "हीच का?" मागावर बसलेल्या विणकराने मुलांना धोटा हातात दिला. साडीच्या काठावरील लहरीची नक्षी नर्मदेच्या पाण्यावरून उचलली आहे, असे तो म्हणाला. घाट दहा पावलांवर होता; मुलांनी जाऊन पाण्याशी ताडून पाहिली. दुपारी मामाआजोबांनी नातवाला मराठीतील नात्यांचे गणित घातले. इंग्रजीत एक 'कझिन' आणि इकडे चुलत, आते, मामे, मावस असे चार भाऊ व चार बहिणी. एका शब्दाच्या बदल्यात आठ मिळतात, हा व्यवहार नातवाला फायद्याचा वाटला. त्याने वहीत झाड काढले आणि प्रत्येक फांदीवर एकेक नातलग बसविला. एका फांदीवर मात्र त्याने प्रश्नचिन्ह केले. ती फांदी देवासची होती. "हिला मी पाहिले नाही," असे कारण त्याने दिले.

देवास गुरुवारी होते.

देवासचे गाव इंदूरहून पस्तीस-छत्तीस किलोमीटरवर, पण इतिहास विलक्षण. एकाच गावात पवारांची दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार. ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते आणि १९५३ मध्ये त्यांनी त्या दिवसांवर 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. ती देवीची टेकडी गावाच्या डोक्यावर आहे. १९४८ साली क्षयाने गाणे बंद पडलेले कुमार गंधर्व याच गावात आले, काही वर्षे न गाता माळव्याची लोकगीते ऐकत पडून राहिले, आणि पुढे पुन्हा गाऊ लागले. १९९२ साली त्यांचे निधन झाले तेही देवासलाच.

या गावात आमची आत्या राहते. लग्न होऊन इंदूरहून गेली ती तेथलीच झाली. २०२४ साली तिचे वय एकोणनव्वद होते. तिचे मराठी इंदुरी, तिची हिंदी चांगली आणि तिची माळवी तर इतकी ठसकेबाज की भाजीवाल्या तिच्याशी भाव करायला घाबरत. परंतु जानेवारी २०२३ मध्ये तिला पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. चार-पाच महिन्यांनी वाचा हळूहळू परत येऊ लागली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. परत येत होती ती फक्त मराठी. हिंदी नाही, माळवी नाही. डॉक्टरांनी आमच्या आतेभावाला समजावून सांगितले की, दोन भाषा येणाऱ्या माणसांत मेंदूच्या आघातानंतर दोन्ही भाषा सारख्या प्रमाणात परत येतातच असे नाही. कधी एकच येते. पुष्कळदा ती मातृभाषा असते, पण तसाही नियम नाही.

तिच्याकडे तीस वर्षे काम करणारी एक माळवी बाई आहे. या दोघी तीस वर्षे ओट्यापाशी गप्पा मारीत आल्या. त्या गप्पा त्या जानेवारीत थांबल्या. बाई रोज येते, आत्याचे केस विंचरते, आणि दोघी खुणांनी बोलतात. हे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी नजर दुसरीकडे वळविली आहे.

मुलांना हे सर्व गाडीतच सांगितले होते. नात बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "म्हणजे आत्याआजीला हिंदी अजिबात येत नाही?" आम्ही म्हटले, "येत होती. आता येत नाही." तिने पुन्हा काही विचारले नाही.

पहिला अर्धा तास अवघड गेला. आत्या शब्द शोधी आणि तो सापडत नसे. पाणी हवे असले तर "ते... ते... द्या," म्हणे. नातीकडे शब्दच थोडे होते. पण थोड्याच वेळात आमच्या ध्यानात आले की त्यांच्या बोलण्याचा वेग एक आहे. आमच्यासारखी मंडळी आत्याचे वाक्य तिच्याआधी पुरे करून टाकतात. मायेपोटी करतात, पण ती थांबून जाते. नातीला वाक्य पुरे करता येतच नव्हते. तिला थांबावेच लागे. दोघी एकेक शब्द जोडीत बोलत होत्या आणि दोघींनाही घाई नव्हती.

मग वहिनींनी फडताळातून सागरगोटे काढून दिले. वाचा गेलेल्या माणसाला पुष्कळदा ओळीने म्हणायच्या गोष्टी, म्हणजे अंक, वार, पाठ केलेली स्तोत्रे, न अडखळता म्हणता येतात, असे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितले होते. आत्याला "पाणी" सापडत नसे, पण ती रामरक्षा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणे. तेव्हा ठरले असे की नातीने सागरगोटा उडवून झेलायचा आणि आत्याने मोजायचे. नातवाने पंचाचे काम घेतले.

एकोणीसवर सागरगोटा पडला, एकोणतीसवर पडला, एकोणचाळीसवर पडला. प्रत्येक वेळी आत्या अंक मोठ्याने सांगे. नातीला एवढे आकडे मराठीत कोणी म्हणून दाखविलेच नव्हते. तिने थांबून विचार केला आणि म्हणाली, "एकोण म्हणजे एक कमी!" आत्याने मान हलविली. मग एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर नातीनेच सांगितले. एकोणऐंशीला थोडी अडली. एकोणनव्वदला आत्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले, हे आपले वय, अशा अर्थाने. पुढे शंभराच्या अलीकडे येताच नात आत्याच्या आधीच ओरडली, "एकोणशंभर!"

आत्या हसू लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "एकोणशंभर! अगं, एकोणशंभर काय!" आणि मग स्पष्ट म्हणाली, "नव्याण्णव म्हणतात पोरी, नव्याण्णव." वहिनी स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. दीड वर्षात आत्याच्या तोंडून एवढे सलग बोलणे त्यांनी ऐकले नव्हते. नात मात्र रागावली होती. एकोणनव्वद चालते तर एकोणशंभर का नाही, हा तिचा मुद्दा होता आणि व्याकरणाच्या दृष्टीने तो बिनतोड होता. आम्ही कोणीही त्याचे उत्तर देऊ शकलो नाही.

थोड्या वेळाने केस विंचरायला ती माळवी बाई आली. आत्या तिच्याकडे पाहून काही सांगू लागली. बाई नेहमीप्रमाणे हसून मान हलवू लागली. तेव्हा नातीने मध्येच हिंदीतून सांगितले, "त्या म्हणताहेत की तुमची मुलगी आली आहे का?" बाईची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली होती. बाईने उत्तर दिले, नातीने ते आपल्या मोडक्या मराठीत आत्याला सांगितले. मुलगा की मुलगी, वजन किती, नाव काय ठेवले, असा तो संवाद दहा-बारा मिनिटे चालला. आतेभाऊ आणि वहिनी हे काम एरवी करीतच असतात. पण घरातील माणसे निरोप पोहोचवितात आणि आपल्या कामाला लागतात. नातीला दुसरे काम नव्हते. ती दोघींच्या मध्ये मांडी घालून बसली होती.

शुक्रवारी अक्षय्य तृतीया. आमच्या घरी पितरांच्या नावे पाण्याने भरलेला घट दिल्याखेरीज आमरस पानात पडत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचाही तो शेवटचा दिवस. कैरीची डाळ, पन्हे आणि रस. मागे ज्या घरात अठरा मुले असत तेथे त्या दिवशी एकूण अकरा माणसे जमली आणि त्यांतील आठ साठीच्या पुढची. आमचे चुलतबंधू म्हणाले, "गर्दी झाली हो आज!" कोणी हसले नाही; अलीकडच्या मानाने ती गर्दीच होती. नातू वहीतील झाड घेऊन प्रत्येकाला त्याची फांदी दाखवीत फिरला. देवासच्या फांदीवरील प्रश्नचिन्ह त्याने खोडले होते.

शनिवारच्या रकान्यात आम्ही 'वॉटर पार्क' लिहिले होते. मुलांनाही काही सुख असावे, हा हेतू. सकाळी नातू टोपी घालून तयार होता. नात म्हणाली, "मला देवासला जायचे आहे." असा बदल दौरा-कार्यक्रमात ऐनवेळी करता येतो का, हा प्रश्न उद्भवला. शेवटी दोन तुकड्या झाल्या. सौभाग्यवती आणि चुलतबंधू नातवाला घेऊन पाण्यात गेले, आणि आम्ही नातीला घेऊन बसने देवासला गेलो. नातवाचा दिवस त्याच्या मते आठवड्यातील सर्वोत्तम होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सर्वच मुलांना सर्वच आत्या आवडाव्यात, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

परतीच्या बसमध्ये आमच्या लक्षात आले की, तहकूब केलेल्या प्रकरणाचा निकाल आता आम्हांला देण्याची गरज उरलेली नाही. मराठी कोणाशी बोलू, असे नातीने पुन्हा विचारले नाही. विचार आमच्याच डोक्यात राहिला. इतकी वर्षे आम्ही आणि आमच्या पिढीतील पुष्कळ मंडळी मुलांना मराठीचे महत्त्व सांगत आलो: संस्कृती, परंपरा, ज्ञानेश्वर, तुकाराम. ते सर्व खरे आहे. परंतु अकरा वर्षांच्या मुलीने भाषा उचलली ती महत्त्वासाठी नव्हे. तिच्यासमोर असे एक माणूस बसले होते, ज्याच्यापर्यंत जायला दुसरी वाट नव्हती. पूर्वी प्रत्येक घरात अशी दोन-तीन माणसे असत. कोणाची आजी हिंदीत उत्तर देत नसे, कोणाच्या काकू बाहेरच कधी पडल्या नव्हत्या. मुलांना त्यांच्याशी मराठी बोलावेच लागे. आता आम्ही सारेच दोन्ही-तिन्ही भाषांत तरबेज झालो आहोत. आमची ही सोयच मुलांच्या मराठीच्या आड येते.

मात्र यासाठी कोणाला पक्षाघात व्हावयास नको. दुसरी वाट नाही, असे माणसाने ठरवूनही होता येते. त्या आठवड्यानंतर आम्ही उभयतांनी मुलांशी फोनवर हिंदी बोलणे सोडले. पहिले दोन महिने संभाषणे फार लहान झाली. नातू "बरं", "हो" आणि "ठेवू का?" एवढ्यावर भागवी. सूनबाईंनी आमची बाजू घेतली. त्या स्वतः मुलांशी तेलुगूतच बोलतात, तेव्हा त्यांना हे सांगावे लागले नाही. आता संभाषणे लांबू लागली आहेत. देवासला रविवारी नातीचा फोन असतो. आत्याची हिंदी परतलेली नाही आणि डॉक्टरांनी तशी आशाही दाखविलेली नाही. मराठीतील काही शब्द मात्र परत आले आहेत. "पाणी" आले आहे. २०२५ च्या मे महिन्यात मुले पुन्हा आली तेव्हा ती नव्वद पूर्ण करून बसली होती आणि नातीला पाहताच तिने विचारले, "काय गं, एकोणशंभर!" तेच तिचे नाव पडले आहे.

त्या दौरा-कार्यक्रमाचा कागद आम्ही नस्तीत लावून ठेवला आहे आणि त्याला एक पुरवणी जोडली आहे. इंदूर, देवास, धार, उज्जैन आणि महेश्वर येथील ज्या आप्तांच्या घरी मुलांनी एक दिवस राहावे, त्यांची ती यादी. नाव, नाते, गाव आणि त्यांच्याकडून काय शिकावे. कोणाकडे मोडी, कोणाकडे वाळवण, कोणाकडे पेटी, कोणाकडे नुसत्या गोष्टी. यादीत चौदा घरे आहेत. पाच वर्षांपूर्वी केली असती तर वीसपेक्षा जास्त भरली असती. हीच गोष्ट आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाच्या कुळात असेल, मग ते ग्वाल्हेरचे असोत, वडोदऱ्याचे, हैदराबादचे की बेळगावचे.

म्हणून एक विनंती. प्रत्येक जुन्या घराने मे महिन्यातील आपला एक दिवस इतरांच्या नातवंडांसाठीही मोकळा ठेवावा. नाते रक्ताचे असलेच पाहिजे असे नाही. फांदीवर जागा पुष्कळ आहे. त्या दिवशी घरातील मोठ्यांनी मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही असे समजून चालावे, आणि मुलांचे वाक्य मुलांना पुरे करू द्यावे. आमच्या घरी पहिला मंगळवार ठरलेला आहे. चिकवड्या सकाळी सहाला सुरू होतात. कावळे राखायला दोन मुले कमी पडतात. येताना टोप्या आणाव्यात. गच्चीवर नऊनंतर सावली नसते.